ईएक्सटी४ फाइल सिस्टीममधील कालनोंदीचा दोष आणि त्याची दुरुस्ती : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

कोणत्याही साधनाचा इतिहासलेखनासाठी उपयोग करण्यापूर्वी त्याची तिथी निश्चित करणे आवश्यक असते. तिथी चुकली की घटनांचा क्रम चुकतो आणि क्रम चुकला की कार्यकारणभावही उलटा लागतो. मोडी कागदांच्या अभ्यासकांना ही गोष्ट नव्याने सांगण्याची गरज नाही. कागदावर शुहूर सनाचा आकडा असतो. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवल्याशिवाय इसवी सन हाती येत नाही. हे वर्ष मृग नक्षत्रापासून सुरू होते याचे भान सुटले तर एका वर्षाचा फरक पडतो. आकडा कागदावर असतो, पण तो कसा वाचावा याचा संकेत बहुधा कागदाबाहेर, लिहिणाराच्या आणि वाचणाराच्या समजुतीत असतो.

आज शासकीय अभिलेख, न्यायालयीन पुरावे, छायाचित्रे आणि संशोधनाची सामग्री मोठ्या प्रमाणावर संगणकीय फाइलींच्या रूपात जतन होते. प्रत्येक फाइलीबरोबर ती केव्हा बदलली आणि केव्हा वाचली गेली याची नोंद संगणक आपोआप ठेवतो. या नोंदीला टाइमस्टॅम्प अर्थात कालनोंद म्हणतात. यंत्राने केलेली नोंद म्हणून ती निर्विवाद मानण्याकडे सर्वसाधारण कल असतो. ही समजूत कितपत टिकते, हे तपासण्यास लिनक्स प्रणालीतील ईएक्सटी४ या जर्नलिंग फाइल सिस्टीमचे उदाहरण उद्बोधक ठरते. या फाइल सिस्टीममध्ये कालनोंद वाचण्याच्या संकेतातच एक दोष राहून गेला होता. तो २०१५ च्या अखेरीस दुरुस्त करण्यात आला. प्रस्तुत निबंधात या दोषाचा उगम, त्याचे स्वरूप आणि दुरुस्तीच्या वेळी घ्यावा लागलेला निर्णय यांचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे.

उद्दिष्टे

१. संगणकीय कालगणनेची पूर्वपीठिका थोडक्यात मांडणे.
२. ईएक्सटी४ मधील दोषाची कारणे आणि त्याचे स्वरूप स्पष्ट करणे.
३. आज्ञावलीची दुरुस्ती आणि आधीच लिहिल्या गेलेल्या नोंदींची दुरुस्ती यांतील भेद दाखविणे.
४. या घटनेतून इतिहासाच्या अभ्यासकाने घ्यावयाचा बोध सांगणे.

संगणकीय कालगणनेची पूर्वपीठिका

युनिक्स या संगणक प्रणालीचा विकास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून सुरू झाला. नोव्हेंबर १९७१ मधील तिच्या पहिल्या माहितीपुस्तिकेनुसार काळाची मोजणी १ जानेवारी १९७१ पासून होत असे आणि मोजणीचे एकक सेकंदाचा साठावा भाग हे होते. या मोजणीसाठी ३२ बिटांची जागा होती. बत्तीस बिटांत ४,२९,४९,६७,२९६ इतक्या वेगवेगळ्या संख्या मावतात. सेकंदाच्या साठाव्या भागाने मोजले तर हा साठा सुमारे ८२९ दिवसांत, म्हणजे सव्वादोन वर्षांच्या आसपास संपतो. त्यामुळे आरंभबिंदू एकदा १९७२ वर सरकवावा लागला. १९७३ च्या अखेरीस मोजणीचे एकक पूर्ण सेकंद करण्यात आले आणि आरंभबिंदू १ जानेवारी १९७० हा ठरला. तोच आजवर प्रचारात आहे.

भारतातील संगणकावर या आरंभबिंदूचा प्रत्यय कधीकधी अनपेक्षितपणे येतो. एखाद्या फाइलीची कालनोंद शून्य असेल तर ती १ जानेवारी १९७० रोजी पहाटे साडेपाच वाजता तयार झाल्याचे पडद्यावर दिसते. ग्रिनिच येथील मध्यरात्र आणि भारतीय प्रमाणवेळ यांतील साडेपाच तासांचे अंतर त्यातून डोकावते.

सेकंदाची संख्या धन किंवा ऋण असू शकते, असे मानण्याची प्रथा पडली. धन संख्या १९७० नंतरचा काळ दाखविते आणि ऋण संख्या त्यापूर्वीचा. त्यासाठी ३२ बिटांपैकी सर्वांत डावीकडचा बिट चिन्हासाठी खर्च होतो. परिणामी या मोजपट्टीचे एक टोक १३ डिसेंबर १९०१ ला आणि दुसरे १९ जानेवारी २०३८ ला येते. भारतीय प्रमाणवेळेनुसार त्या दिवशी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद झाले की पट्टी संपेल. त्यापुढील सेकंदाला ३२ बिटांचा आकडा उलटतो आणि संगणक १९०१ मध्ये जाऊन पोहोचतो. ही अडचण '२०३८ ची समस्या' या नावाने ओळखली जाते.

जर्नलिंग फाइल सिस्टीमचा उदय

डिस्कवरील कोणती माहिती कोठे आहे आणि ती कोणाच्या मालकीची आहे, याचा हिशेब ठेवणारी व्यवस्था म्हणजे फाइल सिस्टीम. लिनक्ससाठी १९९३ मध्ये तयार झालेली ईएक्सटी२ ही फाइल सिस्टीम लोकप्रिय ठरली. तथापि तिच्यात एक उणीव होती. लेखन चालू असताना वीज गेली तर हिशेब अर्धवट राही आणि संगणक पुन्हा सुरू करताना संपूर्ण डिस्क तपासावी लागे. डिस्क जितकी मोठी तितका हा वेळ अधिक.

यावरचा उपाय व्यापाऱ्याच्या कीर्द-खतावणीसारखा होता. मूळ हिशेबात बदल करण्यापूर्वी तो बदल प्रथम एका रोजनाम्यात लिहावयाचा, नंतर खतावणीत उतरवावयाचा. मध्येच व्यत्यय आला तर रोजनामा वाचून राहिलेले काम पूर्ण करता येते. या रोजनाम्याला जर्नल म्हणतात. आयबीएमने १९९० मध्ये एआयएक्स प्रणालीत आणि सिलिकॉन ग्राफिक्सने १९९४ मध्ये एक्सएफएसच्या रूपाने ही पद्धत वापरात आणली होती. लिनक्सच्या ईएक्सटी२ ला जर्नलची जोड देण्याचे काम स्टीफन ट्वीडी यांनी केले. त्यातून सिद्ध झालेली ईएक्सटी३ नोव्हेंबर २००१ मध्ये लिनक्सच्या मुख्य आवृत्तीत दाखल झाली. पुढे २००६ मध्ये ईएक्सटी४ प्रायोगिक स्वरूपात आली आणि डिसेंबर २००८ मध्ये ती स्थिर म्हणून घोषित झाली.

येथे एक मुद्दा ध्यानात घ्यावयास हवा. जर्नल हिशेबाची सुसंगती राखते. हिशेबातील आकडा खरा आहे की नाही हे पाहणे तिचे काम नव्हे. चुकीची कालनोंद लिहावयास दिली तर तीदेखील जर्नल तितक्याच निष्ठेने जतन करते. 'जर्नलिंग' या शब्दामुळे नोंदींच्या सत्यतेविषयी जो विश्वास निर्माण होतो, तो या मर्यादेत पाहणे योग्य ठरेल.

दोन बिटांची तडजोड

ईएक्सटी२ पासून ईएक्सटी४ पर्यंतच्या प्रवासात जुन्या डिस्का नव्या व्यवस्थेत वापरता याव्यात हे धोरण होते. त्यामुळे जुन्या नोंदीची रचना मोडून नवी करणे शक्य नव्हते. प्रत्येक फाइलीची माहिती ज्या लहानशा तक्त्यात ठेवली जाते त्याला इनोड म्हणतात. पूर्वीचा इनोड प्रायः १२८ बाइटांचा होता; ईएक्सटी४ मध्ये तो सामान्यतः २५६ बाइटांचा झाला. वाढलेल्या जागेत प्रत्येक कालनोंदीसाठी आणखी ३२ बिट उपलब्ध झाले.

ही जागा प्रामुख्याने सेकंदाचा सूक्ष्म अंश, म्हणजे नॅनोसेकंद, नोंदविण्यासाठी हवी होती. एका सेकंदात १०० कोटी नॅनोसेकंद असतात आणि ती संख्या ३० बिटांत मावते. ३२ मधून ३० गेले की दोन बिट उरतात. हे उरलेले दोन बिट सेकंदाच्या जुन्या आकड्याला वरून जोडावयाचे, असे ठरले. दोन बिटांच्या चार जुळण्या होतात: ००, ०१, १० आणि ११. त्यामुळे १३६ वर्षांची मोजपट्टी चौपट होऊन सुमारे ५४४ वर्षांची झाली. तिचा विस्तार १९०१ पासून मे २४४६ पर्यंत जातो. जुन्या रचनेला धक्का न लावता २०३८ ची समस्या चार शतके पुढे ढकलली गेली.

कल्पना काटकसरीची आणि सुबक होती. परंतु मूळ आकडा चिन्हयुक्त होता आणि त्याच्या डोक्यावर चढविलेले दोन बिट चिन्हविरहित होते. दोन भिन्न संकेतांनी लिहिलेले भाग एकाच संख्येत बसविल्यावर ते कसे जोडावयाचे, याचा नियम आज्ञावलीत नीटपणे उतरला नाही.

दोषाचे स्वरूप

चौसष्ट बिटांच्या संगणकावर कालनोंद लिहिताना सेकंदाच्या संख्येचे वरचे दोन बिट जसेच्या तसे कापून घेतले जात. वाचताना प्रथम खालचे ३२ बिट चिन्हासह वाचले जात आणि नंतर त्यांवर वरचे दोन बिट ठेवले जात. खालचा आकडा ऋण ठरला की संगणक वरच्या सर्व जागा १ या अंकाने भरून टाकतो. आधीच भरलेल्या जागी आणखी १ ठेवल्याने काही बदलत नाही. म्हणजे ज्या नोंदीत खालच्या आकड्याचा डावीकडचा बिट १ असेल, तेथे वरचे दोन बिट काय सांगतात याला अर्थच उरत नसे.

प्रत्यक्ष उदाहरण घेतल्यास हे अधिक स्पष्ट होईल. १ जानेवारी २०४० हा दिनांक एखाद्या फाइलीला दिला तर सेकंदांची संख्या २,२०,८९,८८,८०० होते. ती ३२ बिटांत मावते. पण तिचा डावीकडचा बिट १ असतो आणि वरचे दोन बिट ०० असतात. हीच नोंद परत वाचताना ऋण समजली जाई आणि दिनांक २५ नोव्हेंबर १९०३ असा निघे. विशेष म्हणजे हा बदल तत्काळ दिसत नसे. फाइलीची माहिती संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत असेपर्यंत २०४० हेच वर्ष दिसे. डिस्क बाजूला काढून पुन्हा जोडली आणि नोंद प्रत्यक्ष डिस्कवरून वाचली गेली, म्हणजे १९०३ प्रकट होई. चूक लिहिण्याच्या क्षणी गुप्त राही आणि वाचनाच्या क्षणी उघडी पडे.

लिनक्सच्या दोषनोंदवहीत हा दोष २३७३२ या क्रमांकाने नोंदला गेला. २०३८ अजून दूर असल्यामुळे त्याची झळ दैनंदिन वापरात कोणाला लागत नव्हती. दुरुस्ती रेंगाळण्याचे हे एक कारण म्हणता येईल.

याहून गुंतागुंतीचा भाग १९७० पूर्वीच्या दिनांकांचा होता. अशा दिनांकाची फाइल कशी असू शकते, असा प्रश्न येथे उपस्थित होऊ शकेल. जुन्या छायाचित्राची किंवा दस्तऐवजाची संगणकीय प्रत करताना फाइलीला मूळ वस्तूचाच दिनांक देता येतो आणि काही संग्राहक तसे करतात. समजा, एखाद्या प्रतीला १५ ऑगस्ट १९४७ हा दिनांक दिला. चौसष्ट बिटांच्या संगणकाने त्याच्या वरच्या दोन बिटांत ११ लिहिले. बत्तीस बिटांच्या संगणकाने मात्र ते दोन बिट ०० ठेवले. अशा रीतीने एकाच दिवसाची दोन लेखने प्रचारात आली. त्याच वेळी ०० हे लेखन २०३८ ते २१०६ या भविष्यकाळासाठीही वापरले जात होते. भाषेच्या परिभाषेत सांगावयाचे तर एका अर्थाला दोन शब्द झाले आणि त्यांतील एका शब्दाला दोन अर्थ.

दुरुस्ती : आज्ञावलीची आणि अभिलेखाची

या दोषाची दुरुस्ती डेव्हिड टर्नर यांनी सिद्ध केली. २०१५ च्या अखेरीस ती स्वीकारली गेली आणि जानेवारी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्सच्या ४.४ या आवृत्तीत समाविष्ट झाली. आज्ञावलीतील मुख्य बदल थोडक्यात सांगता येतो. वरचे दोन बिट खालच्या आकड्यावर नुसते ठेवण्याऐवजी त्यांचे मूल्य त्यात मिळवावयाचे. लिहितानाही प्रथम खालचा चिन्हयुक्त आकडा वजा करून उरलेल्या भागावरून वरचे दोन बिट ठरवावयाचे. शुहूर सनात ठरावीक अंक मिळवून इसवी सन काढावा, तशी ही बेरीज आहे. या बदलासोबत आठ ओळींचा एक तक्ता आज्ञावलीतच टिपणाच्या रूपाने जोडण्यात आला. कोणत्या जुळणीचा अर्थ कोणता कालखंड, हे त्यात आरंभ आणि अंत यांच्या दिनांकांसह नोंदविले आहे. संकेत प्रथमच निःसंदिग्धपणे लिहून ठेवला गेला, या दृष्टीने या तक्त्याचे महत्त्व मूळ बदलाइतकेच आहे.

परंतु आज्ञावली बदलली म्हणून डिस्कवर आधीच लिहिलेल्या नोंदी बदलत नाहीत. नव्या नियमानुसार ११ या जुळणीचा आणि ऋण आकड्याचा अर्थ २३१० ते २३७८ हा कालखंड. जुन्या संगणकांनी तर तेच लेखन १९०१ ते १९७० साठी केलेले. नवा नियम काटेकोरपणे लावला असता १५ ऑगस्ट १९४७ ची फाइल डिसेंबर २३५५ ची ठरली असती. बरोबर नियम लावल्यामुळे बरोबर दिसणारी जुनी नोंद चुकीची ठरण्याचा हा प्रसंग होता.

दुरुस्ती करणाऱ्यांनी येथे काय केले, ते इतिहासाच्या अभ्यासकास परिचित वाटेल. केवळ अक्षरांवरून अर्थ ठरत नसेल तर पाठचिकित्सक संदर्भ पाहतो आणि अधिक संभाव्य पाठ स्वीकारतो. चोविसाव्या शतकातील फाइल आज अस्तित्वात असणे अशक्यप्राय आहे. १९४७ चा दिनांक दिलेली फाइल असणे मात्र सहज शक्य आहे. म्हणून असे लेखन आढळल्यास ते तूर्त १९७० पूर्वीचेच समजावे, असे ठरले. ही सवलत ४.२० ही आवृत्ती येईपर्यंत असावी, अशी अट मूळ दुरुस्तीत घातलेली होती. ती आवृत्ती डिसेंबर २०१८ मध्ये आली. दरम्यान डिस्क तपासणाऱ्या ई२एफएससीके या आज्ञावलीने जुनी लेखने शोधून नव्या संकेतानुसार सुधारावीत, अशी योजना होती. तपासणीत असे इनोड आढळल्यास हे दिनांक २३१० नंतरचे नसून बहुधा १९७० पूर्वीचे असावेत, अशी सूचना ही आज्ञावली देते. 'बहुधा' या शब्दातील सावधपणा लक्षणीय आहे. यंत्राच्या नोंदीविषयी यंत्रानेच व्यक्त केलेली ही शंका म्हणावी लागेल. ही तपासणी २२४२ पूर्वी व्हावी, अशी पुस्तीही मूळ टिपणात जोडलेली आहे. कारण त्यानंतर संभाव्यतेचा हा युक्तिवाद दुबळा होत जाईल.

०० या लेखनाबाबत मात्र अशी सोय नव्हती. ते सर्वत्र १९७० पूर्वीचे मानले गेले. एखाद्याने चाचणीसाठी किंवा अन्य कारणाने जुन्या प्रणालीत फाइलीला २०४० चा दिनांक दिला असेल तर तो या निर्णयाने कायमचा गमावला. ज्या नोंदी मुळात दोन अर्थांच्या होत्या, त्यांतील एक अर्थ सोडून द्यावा लागला. दुरुस्तीची ही किंमत होती आणि ती जाणीवपूर्वक मोजली गेली.

एक्सएफएसचा मार्ग

याच समस्येला दुसऱ्या एका जर्नलिंग फाइल सिस्टीमने निराळे उत्तर दिले. एक्सएफएसमध्येही सेकंदासाठी ३२ चिन्हयुक्त बिट होते आणि तिचीही मर्यादा १९०१ ते २०३८ हीच होती. डॅरिक वाँग यांनी केलेल्या बदलानुसार डिसेंबर २०२० मधील ५.१० या आवृत्तीपासून तेथे नव्या पद्धतीची सोय झाली. सेकंद आणि नॅनोसेकंद यांचे दोन स्वतंत्र भाग न ठेवता डिसेंबर १९०१ पासून मोजलेल्या नॅनोसेकंदांची ६४ बिटांची एकच चिन्हविरहित संख्या वापरण्यात येऊ लागली. या मोजपट्टीचा शेवट २४८६ मध्ये होतो.

येथे विस्तारापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की, नव्या पद्धतीने लिहिलेल्या प्रत्येक इनोडवर तशी खूण केलेली असते. संपूर्ण फाइल सिस्टीमच्या शीर्षनोंदीतही तिचा उल्लेख असतो. हा संकेत न जाणणारी जुनी आज्ञावली अशी डिस्क चुकीच्या अर्थाने वाचू शकत नाही. तिला ती स्वीकारताच येत नाही. कागदावर आकड्यासोबत शकाचे नावही लिहावे, तशी ही पद्धत होय. ईएक्सटी४ मध्ये जागेची काटकसर साधली, पण संकेताचे नाव नोंदीत आले नाही. दोन्ही मार्गांतील हा भेद तांत्रिक दिसला तरी अभिलेखशास्त्राच्या दृष्टीने मूलभूत आहे.

दोषाची पुनरावृत्ती

एकदा दुरुस्त झालेला दोष पुन्हा उद्भवणार नाही, अशी खात्री देता येत नाही. २०२३ मध्ये लिनक्समधील कालनोंदी हाताळण्याच्या पद्धतीची व्यापक फेरमांडणी चालू होती. त्या ओघात ईएक्सटी४ मधील कालनोंद वाचणाऱ्या भागात चिन्हाचे भान पुन्हा सुटले आणि १९७० पूर्वीचे दिनांक चुकीचे वाचले जाऊ लागले. या वेळी मात्र ही चूक लवकर लक्षात आली. १९७० पूर्वीचा दिनांक देऊन तो तसाच परत मिळतो का, हे पाहणारी एक चाचणी फाइल सिस्टीमच्या सामाईक चाचणीसंचात होती. ती अयशस्वी ठरताच कारणाचा शोध लागला आणि त्याच वर्षी दुरुस्ती झाली. मनुष्याची स्मृती जेथे अपुरी पडली तेथे लिहून ठेवलेली चाचणी उपयोगी पडली.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. संगणकीय कालनोंद म्हणजे काळाची यांत्रिक छाया नव्हे. ती एका संकेताने लिहिलेली आणि दुसऱ्या वेळी कदाचित वेगळ्या संकेताने वाचली जाणारी संख्या आहे. दोन्ही संकेत जुळले तरच तिला अर्थ प्राप्त होतो.

२. ईएक्सटी४ मधील दोष निष्काळजीपणापेक्षा काटकसर आणि जुन्या रचनेशी सुसंगती राखण्याची गरज यांतून निर्माण झाला. १९७० च्या दशकातील बत्तीस बिटांचा निर्णय, १९९० च्या दशकातील इनोडची रचना आणि २००० च्या दशकातील दोन बिटांची जोड असे त्याचे थर एकावर एक साचलेले दिसतात.

३. आज्ञावलीची दुरुस्ती आणि अभिलेखाची दुरुस्ती या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिली बेरजेच्या एका नियमाने साधली. दुसरीसाठी संभाव्यतेचा विचार, संक्रमणाची मुदत आणि काही अर्थ गमावण्याची तयारी आवश्यक ठरली.

४. जर्नलिंगमुळे नोंदीची सुसंगती राखली जाते. सत्यता तपासण्याची जबाबदारी वाचकावरच राहते.

भारतात १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाने इलेक्ट्रॉनिक अभिलेखांना पुराव्यात स्थान दिले आहे. महाविद्यालयांपासून पुराभिलेखागारांपर्यंत अनेक ठिकाणी जुन्या कागदांच्या संगणकीय प्रती तयार होत आहेत. अशा वेळी फाइलीची कालनोंद आणि मूळ दस्तऐवजाची तिथी यांत गल्लत होऊ न देणे, मूळ तिथी फाइलीच्या बाहेर स्वतंत्र सूचीत शब्दांत लिहून ठेवणे आणि प्रत कोणत्या प्रणालीवर केली गेली याची नोंद ठेवणे अगत्याचे ठरते. मोडी कागदावरील सन वाचताना अभ्यासक जो प्रश्न प्रथम विचारतो, तोच फाइलीवरील दिनांकालाही विचारावयास हवा: हा आकडा कोणत्या गणनेतला आहे, आणि तो कोणी, कशावर लिहिला?